पोटगीचा आकडा कोणी ठरवावा?

मुलाला पोसावे कोणी, असे विचारले तर कोणत्याही देशातला कोणीही माणूस सांगेल, आईबापांनी. त्यात वादाला जागा नाही. वाद सुरू होतो तो पुढच्या प्रश्नापासून. बाप पोसत नसेल तर त्याच्याकडून किती घ्यावे, हे ठरवायचे कोणी? दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून न्यायाधीशाने, की पगाराचा आकडा कोष्टकात घालून कचेरीतल्या अधिकाऱ्याने? प्रश्न दिसायला कारकुनी आहे. परंतु इंग्लंड देश गेली साडेचारशे वर्षे त्याच्याशी झगडत आला आहे, आणि त्याची हकीकत आज आम्ही श्रोत्यांपुढे ठेवणार आहोत.

इंग्लंडचीच का, तर दोन कारणांसाठी. नवऱ्याने टाकलेल्या बायकोचा आणि मुलांचा अर्ज आपल्याकडे फौजदारी मॅजिस्ट्रेटपुढे चालतो, ही मूळची इंग्रजी रीत. आणि दुसरे असे की, हे काम कोर्टाकडून काढून कचेरीच्या हवाली करण्याचा प्रयोग इंग्रजांनी १९९३ साली जेवढ्या धडाक्याने केला आणि त्यात जेवढे तोंड पोळून घेतले, तेवढे दुसऱ्या कोणी घेतल्याचे आमच्या वाचनात नाही. आम्ही वकील नव्हे. आमचे कायद्याचे शिक्षण झाले ते लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात आणि युनियनच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकांवर. तेव्हा जे सांगू ते कामगार चळवळीतल्या माणसाच्या नजरेतून सांगू.

आरंभ १५७६ सालापासून करावा लागतो. त्या साली एलिझाबेथ राणीच्या पार्लमेंटाने असा कायदा केला की, लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाचा खर्च पॅरिशवर, म्हणजे गावकऱ्यांच्या पट्टीवर, पडण्याचा संभव असेल तर दोन ‘जस्टिस ऑफ द पीस’ यांनी चौकशी करावी, बाप कोण ते ठरवावे, आणि आई व बाप या दोघांवरही दर आठवड्याची रक्कम बसवावी. न देणाऱ्याला तुरुंग. जुन्या मुंबईत ज्यांना जे. पी. म्हणत, त्या पदाचे मूळ ते हेच. पण इंग्लंडातल्या खेड्यात जे. पी. म्हणजे गावचा जमीनदार. दारूच्या गुत्त्याला परवाना देणारा तोच, रस्ते-पूल पाहणारा तोच, आणि १५६३ च्या कायद्याने मजुरांच्या मजुरीचा दर बांधून देणाराही तोच. त्याला न्यायाधीश म्हणावे की मामलेदार म्हणावे, हे सांगणे कठीण. म्हणजे पोटगीचा पहिला हुकूम ज्या टेबलावरून निघाला ते टेबल अर्धे कोर्टाचे आणि अर्धे कचेरीचे होते. आजचे पंडित ‘न्यायालयीन’ आणि ‘प्रशासकीय’ अशी जी दोन खाती पाडतात ती त्या काळी पडलीच नव्हती.

हा पैसा जाई कोणाकडे? गावाकडे. कायद्याचा हेतू पोराचे पोट भरावे एवढाच असता तर गोष्ट वेगळी. पण खरा हेतू पट्टी भरणाऱ्यांचा खिसा वाचावा हा होता. बापाचे नाव काढून घेण्यासाठी सुइणींचा उपयोग केला जाई. वेणा चालू असताना बाईला नाव विचारायचे आणि तिने सांगितलेले नाव पुढे साक्षीत द्यायचे. अशा वेळी बाई खोटे बोलणार नाही, असा त्या काळचा समज. हा धागा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा, कारण चारशे वर्षांनी तो पुन्हा वर येणार आहे.

मधली अडीचशे वर्षे आम्ही ओलांडून जातो. १८३४ साली गरिबांविषयीचा नवा कायदा झाला. तो करणाऱ्या मंडळींचे म्हणणे असे की, जुन्या रीतीने बायका निर्ढावल्या आहेत. कोणाचेही नाव घ्यावे आणि पैसे मिळवावेत, असा धंदा चालला आहे. म्हणून अशा मुलाचा सारा भार त्यांनी आईवर टाकला. मुलाचा खर्च गरीबफंडावर पडला तरच फंडाचे अधिकारी बापावर दावा आणू शकत, तोही वरच्या कोर्टात, आणि आईच्या शब्दाला दुसऱ्या पुराव्याची जोड असेल तर. शिवाय बापाकडून वसूल झालेल्या रकमेतला एक पैसाही आईच्या हाती द्यायचा नाही, असे कलमातच लिहून ठेवले. इतका निर्दय कायदा इंग्लंडातही पचला नाही. वेल्समध्ये रस्त्यावरचे टोलनाके फोडणारे जे रिबेका दंगे झाले, त्या शेतकऱ्यांच्या गाऱ्हाण्यांत ह्या कलमाचेही गाऱ्हाणे होते. दहाच वर्षांत, १८४४ साली, पार्लमेंटाने माघार घेतली आणि आईला स्वतःच्या नावाने मॅजिस्ट्रेटकडे जाण्याचा हक्क दिला. आमच्या मते ह्या साऱ्या इतिहासातले हे फार मोठे पाऊल. तोपर्यंत दावा गावाचा होता. तेव्हापासून तो आईचा झाला.

अर्थात हक्क मिळाला म्हणजे भाकरी मिळाली असे नव्हे. १८७२ च्या कायद्याने मॅजिस्ट्रेटला आठवड्याला फार तर ५ शिलिंग देता येत. पुढे १८७८, १८८६ आणि १८९५ च्या कायद्यांनी लग्नाच्या बायकांनाही, नवऱ्याने मारहाण केली किंवा टाकून दिले तर, त्याच कोर्टाचे दार उघडले. पोलीस कोर्टच ते. सकाळी दारुडे आणि खिसेकापू उभे राहून गेलेले, त्यांच्यामागून मुलाला घेऊन आई उभी. सधन माणसांच्या घटस्फोटाचे मामले लंडनच्या मोठ्या कोर्टात चालत आणि गरिबांचे येथे. वर्गभेद पाहायला कारखान्यातच जावे लागते असे नाही.

येथे आम्हा कामगारवाल्यांना थोडे थांबणे भाग आहे. १८७० साली पार्लमेंटाने मजुराच्या पगारावर जप्ती आणण्याची सोय रद्द केली. सावकाराने परस्पर मजुरी पकडावी ही पद्धत गेली, हा मजुरांचा मोठाच विजय. परंतु ह्या विजयाची एक आडबाजूही होती. पगाराला हात लावता येत नाही, घरात जप्त करण्याजोगे काही नाही, मग पोटगी न देणाऱ्याचे करायचे काय? तुरुंगात टाकायचे. पुढची ऐंशी-नव्वद वर्षे ब्रिटिश तुरुंगांत दर वर्षी हजारो माणसे एवढ्यासाठी जात राहिली. तुरुंगातला माणूस कमावत नाही; म्हणजे पोराच्या ताटात पडायचे तेही बंद. शेवटी १९५८ च्या कायद्याने पोटगीपुरती पगारातून कपात करण्याची मुभा दिली, आणि मजुराच्या स्वतःच्या जगण्यापुरती रक्कम कपातीतून सुरक्षित ठेवली. कपातीला युनियनवाल्यांचा जो आक्षेप असतो तो पोकळ नाही. मालकाला कामगाराच्या घरातले भांडण कळते, आणि ‘कटकटीचा माणूस’ म्हणून त्याला काढायला निमित्त मिळते. तरीही आमचे मत कपातीच्या बाजूचे आहे. कैदेने कोणाचे पोट भरत नाही.

आपल्याकडच्या दिवाणी कायद्यात पोटगीच्या हुकुमासाठी पगारावर जप्ती आणता येते आणि पगाराचा एक तृतीयांश भाग त्यातून वगळलेला आहे. कागदावर व्यवस्था उत्तम. पण आमच्या युनियनच्या कचेरीत जशी कामावरून काढलेली माणसे येतात तशा कडेवर मूल घेतलेल्या बायाही येतात. त्यांची तक्रार मालकाविरुद्ध नसते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला कोर्टाचा हुकूम त्या काढून दाखवतात आणि विचारतात, “साहेब, हे हल्ली कोणत्या कंत्राटदाराकडे लागलेत, तेवढं तुमच्या पोरांना विचारून सांगाल का?” नवरा दर सहा महिन्यांनी कंत्राटदार बदलतो, पगारपत्रक नाही, हजेरीपुस्तकात नाव धड नाही. जप्ती कशावर आणायची? कायमची नोकरी नाहीशी झाली तिच्याबरोबर पोटगीच्या वसुलीचे साधनही गेले, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकांत आम्हाला कोठे लिहिलेली आढळली नाही.

असो. पुन्हा इंग्लंडकडे वळू. कोर्टाऐवजी कचेरी ही कल्पना कामगारांना नवी नव्हती. १८९७ साली तिथे कामावरच्या अपघाताच्या भरपाईचा कायदा झाला तेव्हा तंटा पडला की तो काउंटी कोर्टापर्यंत जाई. मालकाच्या विमा कंपनीचा वकील एका बाजूला आणि लंगडा मजूर दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ च्या कायद्याने, हे काम कोर्टाकडून काढले. अधिकाऱ्याने निर्णय द्यावा, तो पटला नाही तर स्थानिक लवादाकडे जावे, आणि त्या लवादावर अध्यक्षाबरोबर एक माणूस मालकांच्या बाजूचा व एक कामगारांच्या बाजूचा असावा. कज्जेदलाली कमी झाली, पैसे लवकर मिळू लागले. आपल्याकडे १९२३ च्या कायद्याने भरपाईसाठी कमिशनर नेमले गेले, तेही काहीसे ह्याच विचाराने. तेव्हा कचेरी म्हटली की नाक मुरडणाऱ्यांतले आम्ही नव्हे. पण लवादावर कामगारांचा माणूस बसतो तो युनियन असते म्हणून. मुलांची युनियन नसते.

१९४८ सालापासून इंग्लंडात आणखी एक गोष्ट घडली. उत्पन्न नसलेल्या आईला सरकारी मदतकचेरीतून ठराविक रक्कम मिळू लागली. झाले असे की, मॅजिस्ट्रेटने बापावर बसवलेली रक्कम बहुधा ह्या मदतीपेक्षा कमी, आणि तीही कधी येई, कधी न येई. म्हणून बाई मदतकचेरीत जाऊन हुकूमच तिच्या नावे करून देई. बापाचा पैसा आला तर कचेरी घेई आणि बाईला पूर्ण मदत मिळे. म्हणजे कोर्टाचा हुकूम आता नावालाच आईचा उरला. ह्या गोंधळाची चौकशी करण्यासाठी १९६९ साली न्यायमूर्ती सर मॉरिस फायनर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९७४ साली दोन खंडांत बाहेर पडला. त्यात पोटगीच्या कर्तव्याचा इतिहास सांगणारे एक परिशिष्ट आहे. ते फायनर आणि प्राध्यापक मॅकग्रेगर यांनी लिहिलेले. इतिहास म्हणजे काय आणि तो कशासाठी लिहायचा, हे शिकायचे असेल त्याने ते वाचावे.

फायनर समितीचे म्हणणे थोडक्यात असे. देशात कुटुंबाचे कायदे तीन झाले आहेत: मोठ्या कोर्टाचा, मॅजिस्ट्रेटचा आणि मदतकचेरीचा. तिघांची मापे वेगळी. ह्यावर उपाय म्हणून, आईला मदत देणाऱ्या कचेरीनेच बापाची ऐपत पाहून, जाहीर केलेल्या नियमांप्रमाणे, त्याच्यावर हुकूम काढावा आणि वसूल करावा. बापाला तो मान्य नसेल तर त्याला अपिलाची वाट असावी. आईला ह्या भानगडीत ओढू नये. आणि मुख्य म्हणजे, एकट्या आईबापाला अशा मुलांसाठी सरकारने एक हमीचा भत्ता द्यावा. म्हणजे कचेरीने आधी द्यावे आणि मग वसूल करावे. हा क्रम महत्त्वाचा. स्वीडनने हा क्रम १९३७ सालीच कायद्यात घातला होता आणि नॉर्वेने १९५७ साली. नॉर्वेत तर योहान कास्टबर्ग यांच्या १९१५ च्या कायद्यांनी लग्नाबाहेरच्या मुलाला बापाचे नाव आणि वारसाहक्क देऊन, बाप शोधून त्याच्याकडून खर्च घेण्याचे काम सरकारी यंत्रणेवर टाकले होते. तिथे कचेरी आली ती मुलाचा हक्क घेऊन आली.

फायनर अहवाल निघाला त्या वर्षाच्या डिसेंबरात वारले. तेलाच्या भाववाढीने सरकारची तिजोरी आटली होती. अहवाल फडताळात गेला.

सोळा वर्षांनी तो बाहेर निघाला, पण अर्धाच. १९९० साली पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने श्वेतपत्रिका काढली. तिचे नाव ‘मुले प्रथम’ अशा अर्थाचे. कोर्टांच्या हुकुमांतली तफावत तिने दाखवली. सारखाच पगार, सारखीच मुले, पण एका गावचा मॅजिस्ट्रेट एक आकडा देतो आणि दुसऱ्या गावचा दुसरा. ही टीका खरी होती. नमुनेही समोर होते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एका मुलाला बापाच्या उत्पन्नाचे १७ टक्के, दोघांना २५ टक्के असा सरळ हिशेब बसवला होता. ऑस्ट्रेलियाने १९८८ साली वसुलीची कचेरी थेट प्राप्तिकर खात्यात काढली आणि पुढच्या वर्षी आकडा ठरवण्याचे कामही कोर्टाकडून कोष्टकाकडे दिले. इंग्रजांनी १९९१ साली कायदा केला आणि एप्रिल १९९३ मध्ये ‘चाइल्ड सपोर्ट एजन्सी’ उघडली. काही अपवाद सोडले तर ह्या बाबतीत नवा हुकूम देण्याचा कोर्टांचा अधिकारच काढून घेतला गेला.

आता ती कचेरी हिशेब कसा करी तो पाहू. मुलाचा आणि त्याला सांभाळणाऱ्या आईचा खर्च सरकारी मदतीच्या दराने मांडायचा. बापाच्या निव्वळ पगारातून त्याचा स्वतःचा आणि घराचा ठराविक खर्च वजा करायचा. उरेल त्यातला निम्मा, मुलाचा खर्च भागेपर्यंत, घ्यायचा. तत्त्व वाईट नाही. पण त्या सूत्रात माणूस मावत नव्हता. कामाला रोज तीस मैल जाणाऱ्याचे गाडीभाडे सुरुवातीला हिशेबात धरलेच नव्हते. घटस्फोटात ज्याने राहते घर बायकोच्या नावे करून ‘आता देणे-घेणे मिटले’ असा कोर्टाचा निवाडा घेतला होता, त्याच्याही दारात नवी मागणी आली. तक्रार ऐकणारा न्यायाधीश नाही. टेबलावर कारकून आहे आणि त्याच्या हाती सूत्र. मॅजिस्ट्रेटच्या मनमानीला कंटाळलेल्या देशाला आता सूत्राचा जाच कळला.

पण खरा घात तिथे नव्हता. कचेरीला पहिल्याच वर्षी सरकारी मदतीच्या खर्चात ५३ कोटी पौंडांची बचत करून दाखवण्याचे उद्दिष्ट दिले होते. सरकारी मदत घेणाऱ्या आईला बापाचा एक पौंड आला की तिची मदत एक पौंडाने कमी व्हायची. म्हणजे बापाने कितीही भरले तरी मुलाच्या ताटात एक घासही जास्त पडत नव्हता. शिवाय अशा आईने बापाचे नाव सांगणे सक्तीचे. मारहाणीची भीती वगैरे कारण पटले तर सूट, नाही तर तिच्याच मदतीत कपात. एलिझाबेथ राणीच्या काळची ती सुईण टंकयंत्र घेऊन परत आली होती. आणि बचतीचे उद्दिष्ट गाठायचे तर कारकून आधी कोणाला पकडणार? पळालेल्याला शोधण्यात महिने जातात. ज्याचा पत्ता फायलीत आहे, जो काही ना काही भरतो आहे, त्याच्यावरच रक्कम वाढवून बसवणे सोपे. कारखान्यातही ज्याला काम येते त्याच्याच अंगावर जादा काम पडते, हे श्रोत्यांतल्या कामगारांना सांगायला नको.

बाप म्हणू लागले, पैसा पोराला मिळत नाही. आया म्हणू लागल्या, आमच्या हाती काही येत नाही आणि मागून त्रास येतो तो वेगळा. एवढे एकमत त्यांच्यात संसार चालू असतानाही नसेल. १९९४ च्या सप्टेंबरात एजन्सीच्या पहिल्या मुख्य अधिकाऱ्यांनी राजीनामा दिला. १९९५ साली सूत्र वाकवण्याची सोय करावी लागली. २००० च्या कायद्याने सूत्रच सोपे केले: निव्वळ उत्पन्नाचे एका मुलाला १५, दोघांना २० आणि तिघांना किंवा अधिकांना २५ टक्के. ते २००३ साली लागू झाले, त्यासाठी ४५.६ कोटी पौंडांचे संगणकाचे कंत्राट दिले, आणि संगणक चालेना. जुनी प्रकरणे जुन्या सूत्राने, नवी नव्या सूत्राने, आणि दोन्हींत न बसणारी हाताने, असा तिपेडी कारभार झाला. २००६ साली सर डेव्हिड हेनशॉ यांच्याकडून अहवाल घेतला तेव्हा त्यांनी ही एजन्सी मोडून नवी व्यवस्था आणा असे सांगितले. तोपर्यंत वसूल न झालेली रक्कम तीन अब्ज पौंडांच्या वर गेली होती.

ह्या गोंधळात एक प्रकरण घडले त्यापाशी आम्हाला विशेष थांबावेसे वाटते. चार मुलांच्या एका आईने एजन्सीकडे अर्ज केला होता. रक्कम ठरली, पण बाप भरीना आणि एजन्सी वसूल करीना. वर्षे गेली. तेव्हा तिने विचारले, तुमच्याकडून होत नसेल तर मला स्वतःला कोर्टात जाऊन वसुली मागू द्या. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. जुलै २००५ मध्ये पाचांपैकी चार न्यायाधीशांनी सांगितले की, १९९१ च्या कायद्याने आईला असा हक्कच ठेवलेला नाही. वसुली करायची की नाही हे सरकारने पाहायचे. एकट्या लेडी हेल यांनी वेगळे मत दिले. त्यांचे म्हणणे, हा मुलांचा हक्क आहे, तो एजन्सीच्या जन्माआधीपासूनचा आहे, आणि एजन्सी ही तो बजावण्याचे साधन आहे. २००८ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही आईच्या विरुद्धच निकाल दिला.

हे दुखणे आमच्या ओळखीचे आहे. आपल्या १९४७ च्या औद्योगिक तंट्यांच्या कायद्यात बडतर्फ कामगाराला लेबर कोर्टात स्वतः जाता येत नसे. सरकारने ‘रेफरन्स’ केला तरच तंटा कोर्टात. किती कामगारांच्या फायली मजूर खात्याच्या कपाटात पडून राहिल्या आणि माणूस म्हातारा झाला, ते आम्ही पाहिले आहे. २०१० च्या दुरुस्तीने त्याला, समझोता अधिकाऱ्याकडे ठराविक मुदत गेल्यावर, थेट कोर्टात जाण्याची वाट दिली. एवढ्यासाठी आमच्या चळवळीला साठ वर्षे ओरडावे लागले. १८४४ साली इंग्लंडातल्या आईला जे मिळाले ते १९९३ साली गेले, आणि कोणाच्या फारसे ध्यानातही आले नाही, कारण चर्चा सारी सूत्राची आणि संगणकाची चालली होती.

पुढचे थोडक्यात. २००८ साली नाव सांगण्याची सक्ती गेली. २०१० च्या एप्रिलपासून बापाकडून येणारा पैसा सरकारी मदतीतून कापणे बंद झाले. म्हणजे कचेरी निघाल्यावर सतरा वर्षांनी तो पैसा पुरता पोराचा झाला. २०१२ पासून नव्या व्यवस्थेत उत्पन्नाचा आकडा थेट करखात्याकडून घेतला जाऊ लागला. त्यामुळे आकडा ठरवायचे काम पुष्कळ सुटसुटीत झाले, हे मान्य केले पाहिजे. पण २०१४ साली अर्जाला २० पौंड फी बसवली, आणि वसुली सरकारमार्फत हवी तर बापावर वीस टक्के जादा आणि आईच्या रकमेतून चार टक्के कपात. अर्जाची ती फी २०२४ साली उठली. बाप भरत नाही म्हणून आईने सरकारकडे जायचे, आणि त्याबद्दल पोराच्या शंभरातले चार सरकारने ठेवून घ्यायचे, ह्याला आमच्या कारखान्यातल्या भाषेत जे नाव आहे ते ह्या व्यासपीठावरून उच्चारता येत नाही.

आता आपल्याकडे. १८६१ च्या फौजदारी संहितेपासून टाकलेल्या बायकामुलांचा अर्ज मॅजिस्ट्रेटकडे आहे. भटके आणि भिकारी वाढू नयेत हा त्यामागचा इंग्रजांचा विचार. हे कलम पुढे ४८८, १९७३ च्या संहितेत १२५ आणि १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झाले. १९५५ साली ठरलेली महिना ५०० रुपयांची मर्यादा २००१ साली उठली. थकबाकीसाठी कैद आहेच. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंनी उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र आरंभीच द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी, असे ठरवून दिले, तेव्हा तारखांच्या खेळाला थोडा लगाम बसला.

मौज अशी की, पोटगी कचेरीतून देण्याचा प्रयोग आपणही केला आहे, पण मुलांसाठी नव्हे, आईबापांसाठी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने म्हाताऱ्या आईबापांना उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे आपल्या प्रांताच्या, दर्जाचा अधिकारी अध्यक्ष असलेल्या न्यायाधिकरणाकडे जाता येते. अर्ज साधा, नोटीस गेल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यायचा, आणि कायद्याच्या मजकुरात वकिलांना मज्जाव. त्या मज्जावावरून उच्च न्यायालयांत वाद झाले ते वेगळे. त्यात आणखी एक छोटे कलम आहे, बारावे. ज्याला ह्या कायद्याखाली आणि फौजदारी संहितेखालीही पोटगी मागता येते, त्याने दोहोंपैकी कोणते दार ठोठवायचे ते स्वतः ठरवावे. मात्र दोन्हीकडे एकदम जाता येणार नाही. इंग्रजांना १९९१ साली जे सुचले नाही ते येथे एका ओळीत बसले आहे. मुलाने टाकलेली सत्तर वर्षांची आजी हवे तर प्रांताकडे जाते, हवे तर कोर्टात. त्याच मुलाने टाकलेल्या तिच्या सात वर्षांच्या नातवासाठी अर्ज करायचा असेल तर मात्र मॅजिस्ट्रेटकडे, किंवा मोठ्या शहरात कुटुंब न्यायालयाकडेच, जावे लागते. प्रांताचे दार त्याला नाही.